कोष विकला, खत कुणाचं?



जमिनीच्या लढाईच्या पत्रकात किड्याच्या विष्ठेवर संपादकीय कशाला, असं काही जण विचारतील. वनहक्काचे दावे अजून धूळ खात पडलेत, मोजणी अर्धवट राहिली आहे, आणि हे लेंड्या मोजत बसलेत! आमचं उत्तर सरळ आहे. जमीन मिळवणं ही निम्मी लढाई. मिळालेल्या जमिनीत काय पेरायचं, त्याला खत कुठून आणायचं आणि त्या खतासाठी कुणाच्या दारात उभं राहायचं, ही उरलेली निम्मी. पहिली निम्मी जिंकून दुसरी हरलो, तर पट्टा आपल्या नावावर राहील आणि जमिनीचं पीक दुसऱ्याच्या घरात जाईल.

खेड, मावळ, मुळशीच्या डोंगरपट्ट्यात आपण ठाकर, कातकरी, महादेव कोळी राहतो. खाली चाकण, तळेगाव, पिंपरी-चिंचवडचे कारखाने. या पट्ट्यात खताचे दोन नवे प्रस्ताव फिरू लागलेत, आणि दोन्ही किड्यापासून निघतात. पहिला म्हणतो, तुती लावा, रेशीम किडे पाळा, कोष विका, खालचा कचरा शेताला घाला. दुसरा म्हणतो, शहराच्या ओल्या कचऱ्यावर माशीच्या अळ्या पाळू, त्यातून उरेल ते खत तुमच्या रानात टाकू. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात: किड्याने खाल्लं, त्यातून खत झालं, माती सुधारली. पण किड्याने काय खाल्लं आणि तो किडा कुणाचा, हे दोन प्रश्न विचारले की फरक लगेच कळतो. या अंकात आम्ही तेवढंच मांडणार आहोत.

आधी रेशमाचं. ही अळी अंड्यातून निघाल्यापासून कोष बांधेपर्यंत साधारण २५ ते २८ दिवस खाते. मधे चार वेळा कात टाकते. एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त पाला ती शेवटच्या, पाचव्या अवस्थेत खाते. म्हणजे त्या सात-आठ दिवसांत बायामाणसांना पाला तोडून तोडून उसंत नसते, आणि बेडखाली लेंड्यांचा थरही त्याच दिवसांत चढतो. खाल्लेल्या पाल्यातला निम्म्याहून जास्त भाग अळी पचवत नाही, तो विष्ठा होऊन बाहेर पडतो. त्यात न खाल्लेली पानं, काड्या आणि टाकलेली कात मिसळते. एक हेक्टर तुतीवर वर्षभर संगोपन केलं तर असा कचरा साधारण १२ ते १५ टन निघतो. एकराच्या हिशोबाने ५-६ टन म्हणा.

आता हा कचरा म्हणजे नुसता उकिरडा नव्हे. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का असतं. रेशीम किड्याच्या वाळलेल्या विष्ठेत ते दोन-तीन टक्क्यांपर्यंत भरतं, कारण तुतीचा पालाच नत्राने भरलेला असतो. ज्याच्या दावणीला बैल नाही, म्हैस नाही, अशा कातकरी घराला शेणखत विकतच घ्यावं लागतं, नाहीतर वाड्यावरच्या मालकाकडून मागून आणावं लागतं. त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. जनावर न पाळता खत हाताशी येतं.

कुणी म्हणेल, युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, एवढा खटाटोप कशाला? हा प्रश्न टाळून चालणार नाही. हिशोब करू. अंबाडीसारख्या पिकाला हेक्टरी साधारण ४० किलो नत्र लागतं, म्हणजे एकराला १६ किलो. युरियात ते पाऊण गोणीत येतं, दोनशे रुपयांच्या आसपास. तेवढंच नत्र कुजलेल्या लेंडीखतातून द्यायचं तर वाळलेलं एक टनभर खत लागेल, आणि त्यातलं सगळं पहिल्याच वर्षी पिकाला मिळणारही नाही. मग नुसत्या नत्राच्या भावात युरियाच स्वस्त. ते लपवायचं कारण नाही.

पण आपली जमीन कुठली आहे? उताराची, वरकस, मुरमाड. भीमाशंकरच्या बाजूला पाऊस धो धो पडतो. दाणेदार युरिया टाकला आणि रात्री झड लागली की सकाळी तो ओढ्यात. युरिया मातीला धरून ठेवायला काही देत नाही. कुजलेलं खत मातीत राहतं, ओल धरतं, पुढच्या सालालाही थोडं थोडं देत राहतं. दुसरी गोष्ट गोणीच्या भावापलीकडची. गोणी आणायला तालुक्याला जायचं भाडं, दुकानदाराने गोणीबरोबर गळ्यात मारलेली नको ती बाटली, आणि उधारीवर घेतली तर पीक कुणाला घालायचं हेही तोच ठरवणार. पट्ट्याच्या जमिनीवर पीककर्ज मिळवताना काय हाल होतात ते प्रत्येक वाडीला ठाऊक आहे. म्हणून उधारी. घरच्या खताने ही साखळी एका कडीला तरी तुटते.

मग हे खत कुठल्या पिकाला घालावं? तुतीचं खत परत तुतीलाच, असं वाटणं साहजिक आहे. पण कच्ची विष्ठा तुतीच्या बागेत टाकू नये. अळ्यांना ग्रासरीसारखा रोग झाला असेल तर त्याचे विषाणू त्या कचऱ्यात असतात, पाल्यावर उडतात आणि पुढच्या बॅचला लागतात. उझी माशीचे कोशितही त्यात लपलेले असू शकतात. हे रोग किड्याचे, झाडाचे नव्हेत. अंबाडीला, कापसाला त्यांचं काही होत नाही. म्हणून हा कचरा नीट कुजवून दुसऱ्या पिकाला, त्यातही दोराच्या पिकाला घालणं शहाणपणाचं. ज्या बॅचमध्ये खूप अळ्या मेल्या, त्या मेलेल्या अळ्या मात्र खड्ड्यात घालू नयेत. त्या वेगळ्या काढून जाळाव्यात नाहीतर चुना टाकून खोल पुराव्यात.

दोराची पिकं आपल्याला नवी नाहीत. बाजरी-नाचणीच्या कडेने अंबाडीची ओळ असायची. बांधावर घायपात. पावसाळ्यानंतर अंबाडी कापून पेंढ्या बांधायच्या, डबक्यात दगडाखाली कुजवायच्या, साल सोलून धुवायची, मग घरोघरी दोर वळायचे. दावं, कासरा, चऱ्हाट, मोळीची दोरी, सगळं त्यातून. नायलॉन आला आणि हे हात रिकामे झाले. आता नायलॉनचं चऱ्हाट तुटलं की बाजार, आणि बाजाराला पैसे. दोर विकून कुणी श्रीमंत होणार नाही. पण घरात लागणारी दोरी घरात वळली तर तेवढा पैसा घरात राहतो, हा हिशोब आपल्या म्हाताऱ्यांना कळत होता.

पिकापिकात फरक आहे, तो ध्यानात ठेवा. अंबाडीला नत्र हवं असतं, तिला लेंडीखत लागू पडतं. ताग मात्र शेंगवर्गातला. तो मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतः घेतो. त्याला हे खत ओतणं म्हणजे भरल्या पोटी जेवण. तागाचं उलटं करा. तो स्वतःच खत आहे. जूनमध्ये पेरून फुलावर आल्यावर, साधारण दीड महिन्याने, नांगरून गाडला की जमीन सुधारते. कापसाला हे खत चालतं, पण हात आखडून. नत्र जास्त झालं की झाड नुसतं पाल्याने माजतं आणि तुडतुडे बोलावतं. घायपात मुरमातही उभी राहते. तिच्यावर खत वाया घालवू नका.

कुजवायची रीत साधी आहे. पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर, झाडाच्या सावलीत, कंबरेएवढा खड्डा घ्या. संगोपनाच्या शेडपासून आणि तुतीच्या बागेपासून लांब. खाली काड्या आणि पालापाचोळा, त्यावर बेडखालचा कचरा वीतभर, त्यावर शेणकाला शिंपडून पातळ मातीचा थर. शेण नसेल तर जुन्या उकिरड्याची दोन घमेली माती घाला, तिच्यातही कुजवणारे जीव असतात. असे थर भरत जायचे. वरून गवत नाहीतर शेणमातीने लिंपून टाकायचं. महिन्या-दीड महिन्याने एकदा उलटायचं. तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत होतं. अमोनियाचा नाकात झोंबणारा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. बेडवर टाकलेला चुना जास्त मिसळला तरी तसाच वास येतो आणि नत्र हवेत उडून जातं. तेव्हा चुन्याचा थर वेगळा झाडून घ्यावा. आणि उतारावर खत फेकून देऊ नका. अंबाडीच्या ओळीत चर काढून घाला आणि मातीने झाका.

हे झालं खताचं. आता हक्काचं, ज्यासाठी हे पत्रक निघतं.

रेशमाच्या शेडमध्ये पाला कोण तोडतं? बेड कोण साफ करतं? विष्ठा टोपलीत भरून बाहेर कोण नेतं? बहुतेक ठिकाणी बाया. कोष विकायची वेळ आली की ट्रकमध्ये बसतो मालक. जालन्याच्या बाजारात किंवा पार कर्नाटकात रामनगरला जातो आणि पैसे मोजून घेतो. मजुराला रोज मिळतो. आणि शेडमागे पडलेला तो टनावारी ढीग? तो बहुतेकदा मालकाच्या उसात जातो. आपली माणसं जिथे मजुरीने किंवा वाट्याने किडे पाळतात, तिथे आमचं म्हणणं आहे की ठरावातच लिहून घ्यावं: कोषाचा वाटा इतका, आणि खताचा वाटाही इतका. कचरा उचलायचा आपण आणि खत झालं की मालकाचं, हे चालणार नाही. जी बाई तो उचलते तिचा त्यावर हक्क आहे. तोंडी ठरलेलं दिवाळीपर्यंत टिकतं, लिहिलेलं पुढे टिकतं.

स्वतःच्या पट्ट्यावर तुती लावणं त्याहून चांगलं. रोजगार हमीतून तुती लागवडीचं काम घेता येतं, स्वतःच्या रानात राबून मजुरी मिळते. वनहक्क पट्टेधारकांना त्यातून वगळू नये, खताचा खड्डाही त्याच कामात धरावा, अशी मागणी आपण ग्रामसभेतून करायला हवी. पण एक सावधगिरी. कुणी येऊन म्हणेल, तुमची जमीन आम्हाला दहा वर्षं द्या, तुती आम्ही लावतो, शेड आम्ही बांधतो, तुम्ही फक्त कामाला या. त्याला दारातूनच परत पाठवा. वनहक्काचा पट्टा वारसाने पोरांकडे जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि तो नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. एकट्या नवऱ्याचा अंगठा घेऊन काही होत नाही, हे बायांनी पक्कं ध्यानात ठेवावं. सातबाऱ्यावरची आदिवासीची जमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आहे. त्यात विक्रीच नव्हे, गहाण आणि भाडेपट्टासुद्धा कलेक्टरच्या मंजुरीशिवाय बिगर आदिवासीला देता येत नाही. स्टॅम्पपेपरवर सही घेतली म्हणून तो कायदा पुसला जात नाही.

आणखी एक गैरसमज. जमिनीत खड्डा खणला, बांध घातला की दावा पक्का होतो, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. त्या आधीचे बांध, सपाटीकरण, घर हे नियमात पुरावा म्हणून धरलेत. आज घेतलेला खताचा खड्डा २००५ चा पुरावा होत नाही. तो खणायचा पिकासाठी.

किडा आणि हक्क यांचं नातं आपल्याच राज्यात दुसऱ्या टोकाला आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात ढिवर समाज ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळतो. तिथे शेड नाही, बेड नाही. अळ्या उघड्या झाडावर खातात, विष्ठा त्याच झाडाच्या बुडाशी पडते, झाड तिच्यावर पुन्हा पालवतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची जी यादी दिली आहे, तिच्यात टसर आणि कोष हे शब्द स्पष्ट लिहिलेत. म्हणजे किडा पाळणाऱ्याचा जंगलावरचा हक्क कायद्याने मानला. आपल्या डोंगरातही ऐन आहे. उद्या कुणी म्हणालं की किडे पाळणं ही काय शेती झाली, तर ही ओळ त्याला वाचून दाखवा.

आता दुसरा प्रस्ताव. काळी सैनिक माशी म्हणून एक माशी आहे. तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने खातात, दोनेक आठवड्यांत वाढतात. अळ्या कोंबड्या-माशांच्या खाद्याला विकायच्या आणि उरलेली विष्ठा खत म्हणून, असा हा धंदा जगभर वाढतो आहे. त्यात मुळात वाईट काही नाही. हॉटेलातलं उरलेलं अन्न, भाजीबाजारातला पाला, हे स्वच्छ वेगळं केलेलं असेल तर अळीचं खत चांगलंच होईल. युरोपात असं खत विकायचं तर २०२१ च्या नियमाप्रमाणे ते ७० अंशाला तासभर तापवावं लागतं, म्हणजे रोगजंतू मरतात.

पण जंतू मरतात, शिसं मरत नाही. हा पट्टा गाड्यांच्या कारखान्यांचा. प्लेटिंग, रंगकाम, बॅटऱ्या, यंत्रांचं तेल. शहराचा कचरा जिथे नीट वेगळा होत नाही तिथे यातलं काय काय ओल्या कचऱ्यात जातं, ते कचरा वेचणाऱ्या आपल्याच भगिनींना विचारा. अळी कचरा खाते, धातू खाऊन संपवत नाही. कॅडमियम तिच्या अंगात साठतं, बाकीचं विष्ठेत राहतं, आणि कचरा आटल्यावर ते दाट होतं. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा आहेत: किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, निकेल ५०, कॅडमियम ५. फुकट खताची ट्रॉली घेऊन जो येईल, त्याच्याकडे त्या ढिगाच्या तपासणीचा कागद मागा. कागद नसेल तर ट्रॉली परत.

इथे एक चलाख युक्तिवाद ऐकायला मिळतो. म्हणे, भाजीपाल्याला नको, दोराच्या पिकाला घाला, दोर कुणी खात नाही! शहरातल्या कागदावर हे बरोबर दिसतं. आपल्या वाडीत नाही. अंबाडीची भाजी आपण खातो. पावसाळ्यात पोटाला आधार तीच असते. तागाच्या फुलांची भाजी होते. आणि अंबाडी मातीतले धातू ओढून घेते, म्हणून तर खराब झालेल्या जमिनी साफ करायला तिचा जगात अभ्यास झाला आहे. म्हणजे ज्या पिकाला ते दोराचं म्हणतात, त्याच पिकाच्या पानातून ते शिसं आपल्या पोरांच्या ताटात येणार. वर अंबाडी कुजवलेलं पाणी ओढ्यात, ओढ्यातलं जनावरांना. खाणाऱ्याला न विचारता पीक 'न खाण्याचं' ठरवायचा अधिकार कुणाला दिला?

यामागची दिशा ओळखा. पाणी डोंगरातून शहराकडे गेलं. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. तो दिवस जागतिक आदिवासी दिनाचाही होता. भामा-आसखेडचं पाणी पुण्याकडे गेलं. पाणी घेताना कुणी विचारलं नाही. आता त्या पाण्याचा झालेला कचरा खत म्हणून परत पाठवताना तरी विचारावं लागेल. ते विचारणं ग्रामसभेने लावून घ्यायचं आहे.

रेशमाचा किडा स्वतः या बाबतीत मोठा साक्षीदार आहे. शेजारच्या शेतात फवारणी झाली आणि त्याचा पाला खाल्ला तर तो मरतो. चीनमध्ये चेजियांग भागात वीटभट्ट्यांच्या धुरातलं फ्लोराइड तुतीच्या पानावर बसून किडे मेल्याचा अनुभव आहे. आपले कातकरी बांधव वर्षातले सहा-सात महिने वीटभट्टीवर काढतात. जो धूर किड्याला सोसत नाही, त्यात आपली पोरं वाढतात. भट्टीजवळ तुती लावू नका, हा शेतीचा सल्ला झाला. भट्टीवरचं जिणं संपवायला स्वतःची जमीन हवी, ही आपली मागणी. दोन्ही एकाच कारणासाठी.

चीनचीच दुसरी गोष्ट मात्र घेण्यासारखी. पर्ल नदीच्या मुखाशी तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तळ्याच्या काठावर तुती लावत, किड्यांची विष्ठा तळ्यातल्या माशांना घालत आणि तळ्याचा गाळ काढून पुन्हा काठावरच्या पिकांना देत. बाहेरून काही आणायचं नाही, बाहेर काही फेकायचं नाही. हे चक्र फिरतं कधी? जेव्हा तुती, किडा, तळं आणि काठ एकाच्याच ताब्यात असतो. तुती मालकाची, किडा कंपनीचा आणि घाम आपला असेल तर चक्र फिरत नाही, नुसतं पिळतं.

म्हणून येत्या महिन्यात प्रत्येक वाडीने बैठक घेऊन या गोष्टी ठरवाव्यात. रेशमाच्या शेडवर जाणाऱ्या बायांनी खताच्या वाट्याचं बोलणं एकत्र करावं, एकटीने नव्हे. पट्टेधारकांनी तुतीच्या कामाची मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. जमीन भाड्याने मागायला कुणी आलं तर आधी संघटनेला कळवावं. शहरातून येणारं कुठलंही खत तपासणीच्या कागदाशिवाय शिवारात उतरू देऊ नये, असा ग्रामसभेचा ठराव लिहून घ्यावा आणि त्याची नक्कल गावात ठेवावी. आणि ज्याच्याकडे अंबाडीचं बी अजून आहे, त्याने शेजाऱ्याला मूठभर द्यावं. पावसाला फार दिवस नाहीत.